ती शेवटी जेवलीच कशी?

सिनेमा दोन तासांत संपतो, मतं संपत नाहीत. नांदेडच्या आमच्या चित्रपट मंडळात बारा वर्षं काढल्यावर मला एवढंच ज्ञान झालं आहे. पाहिलेले सिनेमे मी विसरले. त्यांच्यावर लोक काय काय बोलले ते मात्र डोक्यात साचत गेलं, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखं. टाकवतही नाही आणि कामालाही येत नाही. त्यातला सगळ्यात मोठा ढीग एकाच सिनेमाचा आहे, म्हणून आज तोच उपसते.

मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. मंडळात माझं काम सबटायटलचं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा लागतो आणि त्याखाली दिसणाऱ्या मराठी ओळी मी टाईप केलेल्या असतात. या कामाबद्दल बारा वर्षांत माझं कौतुक एकदाच झालं. फॉन्ट मोठा केला तेव्हा.

हा सिनेमा युरोपातल्या कुठल्याशा थंड शहरातला होता. त्याचं नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला 'दुभाषी बाईचा सिनेमा' म्हणायला लागले. बाई दूरच्या देशातून आलेली, कच्च्या कागदांवर राहणारी. स्थलांतरितांच्या कचेरीत दुभाषी म्हणून काम करते. एक दिवस तिच्याच गावचा माणूस समोर येऊन बसतो आणि आश्रय मागतो. म्हणतो, "माझं दुकान जाळलं, म्हणून पळून आलो." बाईला माहीत आहे की तो खरं बोलतोय. ते जळलेलं दुकान तिनं पाहिलेलं आहे. पण तिचे स्वतःचे कागद त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर आहेत आणि त्या अधिकाऱ्याला तिच्या गावची माणसं नकोशी झाली आहेत. बाई दुकानाचं सांगतच नाही. 'पळून आलो'च्या जागी 'निघून आलो' म्हणते. माणसाला परत पाठवतात. बाईचे कागद पक्के होतात. शेवटी ती कचेरीच्या कॅन्टीनमध्ये बसून जेवते. संपला सिनेमा. गाणं नाही, मारामारी नाही, कुणाला शिक्षा नाही.

दिवे लागले आणि शिक्षा द्यायचं काम आमच्या लोकांनी हाती घेतलं.

*

पहिलं मत अध्यक्षांचं असतं, असा आमच्याकडे नियम आहे. अध्यक्ष म्हणजे प्राचार्य बिराजदार सर. राज्यशास्त्र शिकवायचे, आता भाषणं करतात. सर दहाव्या मिनिटाला झोपले होते. मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होते, त्यामुळे माझ्याकडे पुरावा आहे. एकदा तर त्यांचा चष्मा मांडीवर पडला, तो मीच उचलून त्यांच्या खिशात ठेवला.

उठले ते थेट माईकपाशी गेले. "दिग्दर्शकानं आपल्या विवेकाला आव्हान दिलं आहे," इथून सुरुवात केली आणि राष्ट्र, सीमा, माणूस, माणुसकी असं करत पाऊण तास बोलले. त्यात दुभाषी बाई एकदाही आली नाही. माणूस कशाला आला आणि का परत गेला, याचाही पत्ता नाही. शेवटी म्हणाले, "आणि मला सर्वांत भावलं ते पार्श्वसंगीत. त्या थंड, परक्या शहरातही दिग्दर्शकानं लोकवाद्यांचा असा काही वापर केला आहे की आपल्याला आपलाच गाव आठवावा."

सिनेमात संगीत नव्हतंच. खालच्या रस्त्यानं वरात गेली होती.

टाळ्या मात्र पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी उठून खिडकीतून ती वरात पाहिली होती.

*

दुसरं मत सूर्यवंशी साहेबांचं. हे नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, आमच्या भागातल्या चार-पाच तालुक्यांत फिरलेले. साहेब झोपत नाहीत. ते सिनेमा फाईलसारखा तपासतात.

"मला एक कळलं नाही," साहेब म्हणाले. "त्या माणसाचा जबाब घेतला, पण त्याला वाचून दाखवला नाही. पंच नाहीत. पानाच्या खाली सही नाही. असा जबाब टिकतो कसा?"

कुणी तरी म्हणालं, "साहेब, तो मुद्दा नाही. बाईनं शब्द बदलला, तो मुद्दा आहे."

"त्यावर तर बोलायलाच नको. सरकारी कागदात एक अक्षर बदललं तरी गुन्हा आहे. मी असतो तर त्या बाईला त्याच दिवशी घरी बसवली असती. चौतीस वर्षं नोकरी केली, माझ्या हातून कागदात काना-मात्रा इकडची तिकडे झाली नाही."

आमचा प्रोजेक्टर रफिकभाई लावतात. त्यांचा कलेक्टर कचेरीजवळ फोटो स्टुडिओ आहे. आजोबांच्या काळापासून त्यांचं दुकान तिथंच आहे. पासपोर्टचे, नोकरीच्या फॉर्मचे, लग्नाच्या नोंदणीचे फोटो काढतात. नांदेडमधून जो कुणी बाहेर गेला तो आधी रफिकभाईंच्या स्टुलावर बसून गेला. ते चर्चेत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी वायर गुंडाळता गुंडाळता बोलले.

"साहेब, एक विचारू का? आमच्या अम्मीचा रहिवासी दाखला तुमच्या हातचा हाय. अम्मीचं नाव खैरुन्निसा. दाखल्यावर खैरूबाई आलं."

"अहो, ती कारकुनी चूक असते. अर्ज दिला की दुरुस्त होते."

"दिला ना साहेब. चारदा दिला. पासपोर्टवाले म्हणले, खैरुन्निसा कोण आणि खैरूबाई कोण, आधी ते ठरवून या. अम्मीला हजला जायचं होतं."

"मग? गेल्या का?"

"न्हाई. वारल्या."

साहेब म्हणाले, "वाईट झालं. पण ते वेगळं, हे वेगळं."

"हाव साहेब," रफिकभाई म्हणाले. "तुमच्याकडं झाली ती चूक. तिच्याकडं झाला तो गुन्हा."

साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि पुढच्या महिन्यात एखादा विनोदी सिनेमा ठेवावा, अशी सूचना केली. ती एकमतानं मंजूर झाली.

*

तिसरं मत मंदाताईंचं. त्या दिवशी ते हॉलमध्ये मांडायचं राहून गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते मांडायला त्या माझ्या घरी आल्या. सोबत कॅनडाहून आलेल्या चॉकलेटचा डबा होता. मंदाताईंचा मुलगा तिकडे असतो, हे आमच्या गल्लीत माहीत नसलेला माणूस सापडणार नाही.

"मला ती बाई बिलकूल आवडली नाही," त्या म्हणाल्या. "कागदासाठी कुणी इतकं खाली जातं का? आमचा नितीनही गेलाच की बाहेर. पण स्वतःच्या हिमतीवर. सरळ मार्गानं. खोटं म्हणून एक अक्षर नाही."

मी चहा ठेवायला उठले.

नितीन सरळ मार्गानं कसा गेला ते मला चांगलं ठाऊक आहे. तिकडे जायला दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवायचा होता. नितीन ती दोन वर्षं घरीच होता, परीक्षा देत होता. मग लातूरच्या मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं लेटरहेड आलं. खिळे, कब्जे आणि पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या त्या दुकानात नितीन दोन वर्षं 'प्रोजेक्ट मॅनेजर' होता, असं पत्र तयार झालं. मामांच्या दुकानात मामा आणि एक नोकर. प्रोजेक्ट कुठला, तर मागच्या गोदामाला पत्रे टाकले तेवढाच.

चहा घेऊन आले, तरी मंदाताई त्या बाईच्या चारित्र्यावरच होत्या. मला राहवलं नाही. म्हणाले, "मंदाताई, नितीनचं ते अनुभवाचं पत्र..."

"हो ना," त्या लगेच म्हणाल्या, चेहऱ्यावर कौतुक. "किती छान झालं होतं ते. 'मॅनेजर'चं स्पेलिंग मामानं चुकवलंच होतं. तुम्ही दुरुस्त केलंत म्हणून बरं."

मग मी चॉकलेट खाल्लं. चांगलं होतं.

*

नंतर मतं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली. तिथं ती वाढतात फार, कारण समोर कुणाचं तोंड नसतं.

डॉक्टर पांचाळांनी विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का, ज्यात तिला पकडतात?" नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. मग कुणी तरी मतदान ठेवलं: बाई दोषी की निर्दोष? बहुतेकांनी दोषी ठरवलं. बिराजदार सरांनी दोन्हीकडे मत दिलं आणि खाली 'चिंतनीय' असं लिहिलं.

पण लोकांचा खरा राग बाईनं शब्द बदलला यावर नव्हताच. तो होता तिच्या जेवणावर. ती रडली असती, ताट सरकवून उठली असती, निदान एक घास घशात अडकला असता, तर आमच्या लोकांनी तिला माफ केलं असतं. ती जेवली. पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. हे कुणालाच सहन होईना.

"एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त करून ही शेवटी जेवलीच कशी?" सूर्यवंशी साहेबांनी लिहिलं. त्याखाली संतापलेल्या तोंडांची रांग लागली. मंदाताईंनी तर तीन तोंडं टाकली.

या रांगेच्या शेवटी, दुपारी दीडच्या सुमाराला, रफिकभाईंचा एकच मेसेज आला. "सगळे जेवले का?"

त्यावर भाबडेपणानं पाच जणांनी उत्तर दिलं. डॉक्टरांकडे वांग्याची भाजी होती.

*

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

अहमदपूरच्या एका शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांना कुणी तरी सांगितलं की नांदेडच्या मंडळाकडे स्थलांतरावर फार विचारप्रवर्तक सिनेमा आहे. त्यांनी आम्हाला बोलावलं. नववी-दहावीची मुलं, शिक्षक, गावातले प्रतिष्ठित. शिवाय शब्द दिला की आवडलं तर दर महिन्याला त्यांच्या संस्थेचा नांदेडमधला मोठा हॉल आम्हाला मिळेल. आमच्या वाचनालयाच्या हॉलला पंखे दोन, आणि त्यातला एक नुसता टांगलेला. बिराजदार सर खुलून गेले.

सिनेमा सुरू व्हायच्या तासभर आधी अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर शेजारी बसलेले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मी सिनेमा पेनड्राइव्हवर पाहिला. चांगला आहे. फक्त शेवट जमत नाही. मुलांवर काय संस्कार होणार? चूक केली, पचली, जेवली."

"पण सिनेमाच तसा आहे," मी म्हणाले.

"असू द्या. मराठी ओळी तुम्हीच टाकता ना? शेवटी एक ओळ टाका. 'मला माझ्या कृत्याचा पश्चात्ताप होत आहे.' बस."

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, हा माणूस चाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकवत आला, आता तरी काही बोलेल. सर म्हणाले, "मॅडम, एका ओळीनं काय होतं? हॉल मोठा आहे."

दुभाषी बाईनं एक शब्द बदलला तेव्हा तिच्यासमोर निदान तिच्या राहण्याचा प्रश्न होता. माझ्यासमोर पंख्यांचा होता. मी लॅपटॉप उघडला आणि ओळ टाईप केली. शुद्धलेखन तपासलं. 'पश्चात्ताप'मध्ये दोन त असतात, ते नीट घेतले.

सिनेमा छान पार पडला. शेवटी ती ओळ पडद्यावर आली तेव्हा शिक्षकांच्या रांगेतून टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी उठून मुलांना विचारलं, "काय शिकलात?" मुलं एका सुरात म्हणाली, "पश्चात्ताप." मग विचारलं, "कुणाला काही शंका?"

मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात वही.

"सर, ती बाई शेवटी बोलली कधी?"

"म्हणजे?"

"तिच्या तोंडात घास होता ना, सर. ती चावत होती. मग ते वाक्य कोण बोललं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, सरांनी छताकडे. मी म्हणाले, "ते तिच्या मनातलं होतं, बाळ."

मुलीनं थोडा विचार केला. "मग तुम्हाला कसं कळलं?" म्हणाली आणि खाली बसली.

हॉल आम्हाला मिळाला. सात पंखे आहेत, सगळे चालतात.

*

हे सगळं होऊन महिना झाला असेल. एका दुपारी दाराशी माधवराव आले. हे उमरीकडचे शेतकरी. रविवारी सकाळच्या गाडीनं येतात, मागच्या रांगेत बसून सिनेमा पाहतात, चर्चा सुरू झाली की उठून जातात. एवढ्या वर्षांत मी त्यांचं एकही मत ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर होता. त्या दिवशी सोबत बायको होती, गयाबाई. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. डोळे दाखवायला दवाखान्यात आणलं होतं म्हणाले.

पाणी झालं, चहा झाला. मग माधवराव म्हणाले, "मॅडम, त्यो दुभाषी बाईचा शिनेमा तुमच्याकडं हाय का? सगळा नगं. ती शब्द बदलती, तेवढाच भाग दाखवता का?"

मी लॅपटॉपवर लावला. माणूस बोलतो. अधिकारी बाईकडे पाहतो. बाई क्षणभर थांबते. मग सांगते. माणूस तिच्या तोंडाकडे पाहत राहतो. त्याला ती भाषा येत नाही, ती काय सांगतेय ते त्याला कळत नाही.

"पुन्यांदा लावा," माधवराव म्हणाले. मी लावला. तीनदा पाहिल्यावर त्यांनी हातानं बंद करा अशी खूण केली.

"ग्रुपवर लोक म्हणून राहिले, ती थांबली न्हाई, तिनं इचार केला न्हाई," ते म्हणाले. "थांबली की. दिसत न्हाई का लोकांला? तेवढंच थांबता येतं, मॅडम. समोरचा वाट बघून ऱ्हायलेला असतो."

मी लॅपटॉप मिटला.

मग त्यांनी सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या चुलतभावाच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. खोदणारी टोळी पलीकडची, तेलुगू बोलणारी. तीन जोडपी, त्यांची लेकरं. सुरुंग लावायचे, त्याला परवाना नव्हता. एका सकाळी दरड कोसळली आणि एका माणसाच्या छातीवर दगड आला. माणूस लगेच मेला नाही. दुपारपर्यंत जिवंत होता. चुलतभावाची जीप बांधावर उभी होती. ती हलली नाही, कारण दवाखान्यात गेलं की सुरुंगाचं विचारतील.

"जमादार आला पंचनाम्याला. त्याला तेलुगू येईना. मी दोन सालं निजामाबादकडं राइस मिलवर व्हतो, मला येत व्हती. भावानं मला बोलावून घेतलं. जमादार म्हणला, हिला इचार, दवाखान्यात का न्हेलं न्हाई. ती त्याची बायको. अंगावर लेकरू. ती म्हणली, गाडी मागितली, दिली न्हाई." माधवराव थांबले. "जमादार माझ्याकडं बघून ऱ्हायला. भाऊबी बघून ऱ्हायला. मी म्हणलं, साहेब, ती म्हणती, न्हेयच्या आधीच गेला."

"मग?"

"मग काय. लिहून घेतलं. तिचा अंगठा घेतला. तिनं दिला. तिला वाटलं, तिचंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सगळे टेम्पोत बसून गेले."

पंखा फिरत होता. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. सूर्यवंशी साहेबांच्या चौतीस वर्षांपासून डॉक्टरांच्या वांग्याच्या भाजीपर्यंत सगळी मतं मला आठवली आणि त्यातलं एकही ओठांवर आणायच्या लायकीचं वाटेना.

"कुणाला सांगितलं न्हाई आजपर्यंत," माधवराव म्हणाले. "अन् सांगनार कुणाला? तिथं तेलुगू कळणारं माझ्याबिगर कुणी नव्हतंच."

"मी व्हते की," गयाबाई म्हणाली.

आल्यापासून तिचं हे पहिलंच वाक्य. माधवरावांनी मान वळवली.

"जमादाराला च्या कुणी आणला व्हता? मीच ना. माझं माह्यारच तिकडचं, मॅडम. लगीन होऊन सालभर झालं व्हतं." ती माझ्याकडे पाहूनच बोलत होती, नवऱ्याकडे नाही. "त्या बाईनं दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या. ह्ये आजबी एकच सांगून राहिले."

माधवराव उठले. म्हणाले, गाडीची वेळ झाली. गाडीला दोन तास होते.

ते दाराबाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "दुसरी कोणती होती, गयाबाई?"

तिनं कप उचलून बशीत नीट ठेवला, पदर सारखा केला.

"त्येंलाच इचारा," ती म्हणाली.

माधवराव पायरीवर वाकून चपला शोधत होते. चपला समोरच होत्या.